पाच किलो भरतीचा लॅपटॉप

मयूर विधातेच्या मते अख्ख्या पिंपळगाव बसवंतात लॅपटॉप निवडायची अक्कल असलेला माणूस एकच होता. नम्रपणामुळे तो त्याचं नाव घेत नसे. आरशात बघून फक्त मान हलवत असे.

ही गोष्ट दोन हजार सातच्या जानेवारीतली. मयूर नाशिकच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याचा प्रोजेक्ट असा होता की द्राक्षाच्या पानाचा फोटो संगणकाला दाखवायचा आणि पानाचा किती टक्के भाग भुरीनं, म्हणजे पांढऱ्या बुरशीनं, खाल्लाय ते संगणकानं सांगायचं. फोटो होते अकराशे. कॉलेजातला संगणक एका पानाला एकोणीस मिनिटं घ्यायचा. तेवढ्या वेळात बागेतली खरी भुरी पुढच्या पानावर जाऊन बसलेली असायची!

"लॅपटॉप पाहिजे," मयूरनं घरी जाहीर केलं. "साधा नाही. सायंटिफिक इमेज प्रोसेसिंगचा."

प्रोजेक्ट जमला तर त्याच्या गाइड मोहिनी मॅडम पुण्याकडच्या एका संशोधन केंद्रात त्याचं नाव सुचवणार होत्या. नाही जमला तर वडिलांनी, म्हणजे देवराम विधात्यांनी, दुसरी जागा आधीच बघून ठेवली होती. संतोषमामाच्या पॅकहाउसवर निर्यातीच्या द्राक्षपेट्यांना स्टिकर लावायचं. या दोन जागांच्या मधे फक्त एक लॅपटॉप उभा होता.

मयूरनं सायबर कॅफेत चार दिवस बसून तक्ता केला. सतरा लॅपटॉप, तेवीस रकाने. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्सची वेगळी मेमरी, पडद्यावर रंग किती खरे दिसतात, सगळं. तेविसाव्या रकान्याचं नाव होतं 'एकूण व्यक्तिमत्त्व'. पहिल्या बावीस रकान्यांना मिळून चाळीस गुण आणि या एकट्याला साठ! या अत्यंत शास्त्रीय पद्धतीनं पहिला नंबर आला तो एका चंदेरी, बोटभर जाडीच्या, पापडासारख्या लॅपटॉपचा. वर्गातल्या तृप्तीकडे नेमका तोच होता, हा निव्वळ योगायोग.

देवरामांनी तक्ता उलटा धरून वाचला आणि म्हणाले, "घेऊ. पण चार माणसं घेऊन जाऊ."

विधात्यांच्या घरात बैल, ट्रॅक्टर आणि सून या तीन गोष्टी चार माणसांनी बघितल्याशिवाय येत नसत. देवरामांनी एकट्यानं जाऊन आणलेली एकच वस्तू घरात होती, त्यांची मोटारसायकल. ती सतरा वर्षं ढकलून चालू करावी लागत होती.

"अण्णा, लॅपटॉपमधलं कुणाला काय कळतं?" मयूर कळवळला.

"ट्रॅक्टरमधलं कुणाला कळत होतं? घेतला ना?"

तर चार माणसं निघाली. स्वतः देवराम. त्यांचे चुलते पुंजातात्या, ज्यांनी चाळीस वर्षांत एकही बैल फसून घेतला नव्हता. संतोषमामा, पॅकहाउसचा सुपरवायझर, ज्याला द्राक्षाचा घड दोन हातांवरून बघून त्याची जन्मपत्रिका सांगता यायची. आणि गोजराआत्या, कारण नाशकात जातच आहात तर. मामाच्या पिकअपमध्ये पुढे तिघं आणि तात्या बसले. मयूर आणि तक्ता मागे क्रेटमध्ये.

नाशकातल्या कॅनडा कॉर्नरच्या दुकानात टाय लावलेला चंदर नावाचा सेल्समन पुढे आला. "बोला सर, बजेट काय? युसेज काय?"

"पोरा, आधी पाणी दे," आत्या म्हणाली.

पाणी झालं. चहा झाला. चंदरनं टेबलावर पाच लॅपटॉप मांडले. तात्यांनी पहिल्याचं झाकण उचललं, आत डोकावले, आणि बोटानं बटणं मोजायला लागले.

"तात्या, काय करताय?"

"दात बघतोय. पुरे हायेत."

मामानं तोवर खिशातून द्राक्षाच्या मण्यांचं माप काढलं होतं. सोळा, अठरा, वीस मिलिमीटरची भोकं असलेली प्लॅस्टिकची पट्टी. मामा ती लग्नाच्या फोटोतही खिशात ठेवून उभा आहे. त्यानं ती एकेका बटणावर धरली. चेहरा खुलला.

"वा! सगळे मणी एका साइजचे. काय माल हे!" मग पट्टी खाली सरकली आणि मामा गंभीर झाला. "हा एक लांबडा काय आहे?"

"तो स्पेसबार, सर."

"एकच मणी एवढा मोठा? जादा मणी काढून विरळणी नीट झाली नाही ह्याची."

"मामा, ते तसंच असतं!" मयूर म्हणाला.

"असतं म्हणून चालवून घ्यायचं का? युरोपात नाही चालणार."

चंदरनं शहाणपणा करून विषय बदलला. चंदेरी पापड पुढे सरकवला. मयूरच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यानं घसा साफ केला आणि ड्युअल कोर म्हणजे काय ते चार माणसांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. चारही माणसं त्याच्याकडे गणपतीच्या मखराकडं बघावं तशी कौतुकानं बघत होती आणि तेवढंच समजत होती.

"लाइट गेल्यावर किती वेळ चालतो?" देवरामांनी विचारलं.

भारनियमन तेव्हा रोजचं होतं. संपूर्ण दिवसात विचारला गेलेला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. म्हणून त्याकडे कुणीही लक्ष दिलं नाही.

तात्यांनी चंदेरी लॅपटॉप डाव्या हातात घेतला. उजव्या हातात शेजारचा काळा, सतरा इंची. तो एवढा मोठा होता की त्याला लॅपटॉप म्हणायला मांडी हत्तीची पाहिजे होती. तात्यांनी डोळे मिटले.

"ह्यो किती?"

"एक किलो आठशे, बाबा. अल्ट्रा स्लिम!"

"आन ह्यो?"

"चार किलो दोनशे."

"मंग हलका स्वस्त असंल."

"नाही बाबा, हलका वीस हजारांनी महाग."

तात्यांनी डोळे उघडले.

"निम्म्याच्या आत माल," तात्या सावकाश म्हणाले, "आन भाव जास्त?"

"बाबा, हलका म्हणूनच तर महाग."

"पोरा, आमच्याकडं सुकलेल्या मालाला गिऱ्हाइक नसतं. तुझ्याकडं रांग हाय वाटतं."

"तात्या, तो कुठंही नेता येतो!" मयूर ओरडला.

"नेता येतो म्हंजे चोरालाबी नेता येतो."

मयूरच्या तेवीस रकान्यांत चोराचा रकाना नव्हता. त्यानं शेवटचा उपाय म्हणून तक्ता चंदरच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा यांना. यात पहिला कोण आहे ते."

चंदरनं तक्ता वाचला. भला पोरगा होता, पण नोकरीत नवा. "सर, यात तर बावीस रकान्यांत हा काळाच पहिला आहे! रॅम दुप्पट, ग्राफिक्सची मेमरी वेगळी, स्क्रीन खरी. इमेज प्रोसेसिंगला हाच लागतो. हे शेवटचं 'व्यक्तिमत्त्व' काय आहे?"

"तुम्हाला कुणी विचारलं?" मयूर म्हणाला.

"त्यानंच विचारलं की आत्ता," आत्या म्हणाली.

तेवढ्यात मामा, जो चंदेरीच्या पडद्यापासून तीन फुटांवर उभा होता, म्हणाला, "डाग हे."

"कुठं?"

"वर, डाव्या अंगाला. सुईच्या टोकाएवढा."

चंदरनं फडकं मारलं. डाग गेला नाही. पडद्यावरचा एक ठिपका जन्मतःच मेलेला होता. प्रतिमाशास्त्राचे अभ्यासक मयूर विधाते नाक टेकवूनही तो शोधू शकले नव्हते. मामानं माप खिशात टाकलं. "रिजेक्ट."

काळा लॅपटॉप विधात्यांच्या घरी आला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, झाकणावर स्वस्तिक निघालं. आणि आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मयूरनं आजवर कुणाजवळ कबूल केलेली नाही. लॅपटॉप अप्रतिम होता! एका पानाला अकरा सेकंद! बैलाचे दात मोजून आणि द्राक्षाची पट्टी लावून घेतलेलं ते यंत्र विमानासारखं पळत होतं. तृप्तीच्या पापडाला तेच पान बारा मिनिटं लागायचं. पुढे तिनं तो विकून टाकला.

पण आत्याला काही राहवेना. "एवढं महागाचं, आन उघडं?" तिनं दोन रात्री जागून जुन्या रजईची मऊ गादी शिवली, चारी बाजूंनी लॅपटॉपला घट्ट बसणारी, वर मखमल आणि कडेला मोर. मयूर आधी नाक मुरडून, मग मनगटाला मऊ लागतं म्हणून ती वापरायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप चाळीस पानं झाली की आपोआप बंद पडायला लागला.

मयूरनं निदान केलं: व्हायरस. सगळं पुसून पुन्हा टाकलं. चाळीस पानं, बंद. पुन्हा पुसलं. बंद. चंदरला फोन लावला.

"सर, खाली हवेची जाळी असते, ती झाकली गेली नाही ना?"

"मी एम.एस्सी. करतोय," मयूर म्हणाला आणि फोन ठेवला. लॅपटॉप रजईवर बसून फुफाट्यासारखा तापला होता.

परीक्षा सोमवारी. शनिवारी दुपारपर्यंत कसंबसं अकराशेपैकी हजार पानांचं काम झालं. मयूर तीन रात्री झोपला नव्हता. तो तिथेच जमिनीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. त्याच वेळी मामा आला.

"काय झालं ह्याला?"

"पोरगं थकलं," आत्या म्हणाली. "आन ते यंत्र तीन दिस झाले लय तापतंय. हात लावून बघ, भाकरी भाजंल."

मामानं हात लावला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते फक्त पॅकहाउसवाल्याच्या चेहऱ्यावर उमटू शकतं.

"तीन दिवस झाले तापून? अन् मला आज सांगता? अगं, काढणीनंतर सहा तासांत प्री-कूलिंग केलं नाही तर मालाचं काय होतं माहीत आहे का?"

मामाचं प्रेम खरं होतं, एवढं लक्षात ठेवा. त्यानं पिकअपमधून निर्यातीची एक कोरी पेटी आणली. खाली बबलची शीट घातली. त्यावर गादीसकट लॅपटॉप ठेवला. तो पेटीत असा बसला, जणू शिंप्यानं माप घेऊन पेटी शिवली होती. बाजूच्या फटीत चार्जर, वर द्राक्ष टिकवणारा औषधाचा कागद. झाकण लावलं. नाव असावं म्हणून वर पेननं लिहिलं 'मयूर'. आणि पॅकहाउसवर नेऊन पेटी गार व्हायला एक अंश तापमानाच्या खोलीत ठेवली. दोन तासांनी काढायचं ठरवून मामा चहाला गेला. तिथे त्याला कंटेनरवाला भेटला, त्याच्याशी भांडण झालं, आणि भांडण चांगलं लांबलं.

मयूर सहाला उठला. लॅपटॉपच्या जागी आत्या बसली होती.

"माझा लॅपटॉप?"

"मामानं नेलाय. गार करायला."

मयूर मोटारसायकल ढकलायला लागला. ती चालू झाली तेव्हा पॅकहाउस आलं होतं.

थंड खोली रिकामी होती. मामा दारात उभा होता. शेजारी लंकाबाई होती. सुरगाण्याकडून दर हंगामाला कामाला येणारी बाई, पॅकिंगची मुकादम. बारा वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची पेटी गेली नव्हती, आणि हे ती दर तासाला सांगायची.

"लंकाबाई, इथं एक पेटी होती," मामा चाचरत म्हणाला. "स्टिकर नसलेली."

"व्हती ना! मीच लावलं स्टिकर. बिना स्टिकरची पेटी माझ्या हातून जात नाय."

"पण त्यावर 'मयूर' लिहिलं होतं!"

"म्हनून मंग जात 'मयूर' लिवली. सोनाका असती, थॉमसन असती, तशी नवी आसंल म्हनलं. तुम्ही शिकलेली मानसं, रोज नवं काढता."

"अहो पण वजन?" मयूर किंचाळला. "वजनात पण कळलं नाही?"

"काट्यावं ठिवली की! पेटी वजा करून बरोब्बर पाच किलो, बाकीच्या पेट्यांवानी. एक ग्राम इकडं नाय का तिकडं नाय."

मामानं बोटं मोडून हिशेब केला. लॅपटॉप चार किलो दोनशे. चार्जर सहाशे. आत्याची गादी दोनशे. त्याच्या डोळ्यांत नकळत पाणी आलं. "अरे, काय भरती बसली!"

तात्यांनी हलका लॅपटॉप घेऊ दिला असता तर काटा ओरडला असता. पण तात्यांनी आयुष्यात हलका माल घेतला नव्हता.

"पेटी कुठं आहे आत्ता?"

लंकाबाईनं अंगणाकडे हात केला. कंटेनर उभा होता. दार लागलेलं. दारावर सरकारी सील. हॉलंडच्या रोटरडॅम बंदराला जायचा माल, आणि ड्रायव्हर आरशाला लिंबूमिरची बांधत होता.

"तोडा सील!" मयूर धावला. "माझा प्रोजेक्ट आहे त्यात! हजार पानं!"

मामा आडवा आला. "वेडा का? अडीच हजार पेट्या आहेत. दार उघडलं की तापमान चढतं. पंधरा शेतकऱ्यांचा माल आहे, तुझ्या बापाचा पण आहे."

"मामा, माझा लॅपटॉप हॉलंडला चाललाय!"

मामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे बघ, एक गोष्ट चांगली झाली. आता बोटीत बावीस दिवस तो तापणार नाही."

गाडी हायवेला लागली. आता तुम्ही विचाराल, बॅकअप नव्हता का? होता! मयूर शास्त्रीय माणूस. सगळ्याची सीडी करून ठेवली होती. ती लॅपटॉपच्याच ड्राइव्हमध्ये होती.

सोमवारी मयूर कॉलेजात गेला तो मामाला घेऊन. साक्षीदार पाहिजे होता. 'लॅपटॉप चुकून द्राक्षांबरोबर युरोपला गेला' हे वाक्य एकट्यानं म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

मोहिनी मॅडमनी ते ऐकून घेतलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "कुत्र्यानं वही खाल्ली हे ऐकलं होतं. हे नवीन आहे."

"खरं आहे साहेब," मामा म्हणाला. "मीच पॅक केला. चांगला केलाय, काळजी करू नका."

टेबलावर दहा पानं मांडली होती. प्रत्येकावर किती भुरी आहे ते मॅडमनी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून काढून ठेवलं होतं. मयूरच्या प्रोग्रॅमनं तेच आकडे द्यायचे, अशी परीक्षा. आता प्रोग्रॅम समुद्राकडे निघाला होता. मॅडमनी वही मिटली. मामाला रिकामं बसणं सोसत नाही. तो पानांकडे बघत उगाच म्हणाला, "हे बारा टक्के."

मॅडमनी वही उघडली. बारा.

"अन् हे?" परीक्षकांनी विचारलं.

"तीस. ते पाच. ते पलीकडचं एक्केचाळीस, बेचाळीस धरा. हे मात्र भुरीचं पान नाही."

"नाही कसं? पांढरे डाग दिसताहेत की!"

"फवारणीच्या औषधाचे आहेत ते. बोटानं पुसून बघा."

परीक्षकांनी पुसलं. डाग गेले. मॅडमनी मयूरकडे बघितलं, कारण मागच्याच महिन्यात मयूरच्या प्रोग्रॅमनं त्याच पानाला अठ्ठावीस टक्के भुरी दिली होती आणि मयूरनं त्यावर तीन पानी निष्कर्ष लिहिला होता.

"एका पानाला किती वेळ लागतो तुम्हाला?" परीक्षकांचा आवाज बदलला होता.

"वेळ कशाला लागतोय?" मामा म्हणाला. "दिसतंच की. साहेब, एवढ्यासाठी पोरगं लॅपटॉप मागत होतं होय?"

पंधरा दिवसांत पत्र आलं. मोहिनी मॅडमनी नाव सुचवलं होतं, संशोधन केंद्रानं बोलावलं होतं, आणि पाकिटावर लिहिलं होतं: श्री. संतोष. दर मंगळवारी, प्रवासखर्चासह, संगणकाचे आकडे तपासण्यासाठी. मयूरला प्रोजेक्ट पुन्हा करायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. तोवर मामा मंगळवारी नसायचा, म्हणून पॅकहाउसवर त्याच्या जागी कुणीतरी हवंच होतं. सोमवार, बुधवार आणि बाकीचे वार देवरामांनी आपल्याकडून घातले.

त्यामुळे हॉलंडहून फॅक्स आला तेव्हा मशीनजवळ मयूरच बसला होता, मांडीवर स्टिकरचा गठ्ठा घेऊन. मामा नुकताच पुण्याहून आला होता, नवी बॅग काखेला. मयूरनं भीतभीत फॅक्स वाचला. अडीच हजार पेट्या उत्तम. एकीची नोंद वेगळी होती. जात: मयूर. रंग: काळा. तापमान: योग्य. वजन: योग्य. मणी: चौकोनी, चव नाही. आकार एकसारखा नाही, एक मणी प्रमाणाबाहेर लांब. पेटी नाकारली असून नियमाप्रमाणे नष्ट केली आहे.

मयूरच्या हातातलं स्टिकर त्याच्याच गुडघ्याला चिकटलं.

मामानं फॅक्स हातात घेतला, दोनदा वाचला, आणि शांतपणे घडी घालून खिशात, मापाच्या पट्टीशेजारी ठेवला.

"मी दुकानातच सांगितलं होतं," तो म्हणाला. "विरळणी."